चौदा नंबरच्या मोरीवरची रेघ

मित्रांनो, मोरी म्हटलं की तुम्हाला घरातली भांडी घासायची जागा आठवेल. मी ती नव्हे. रुळांखालून पाणी पलीकडे जाऊ देणाऱ्या लहानशा दगडी पुलालाही मोरी म्हणतात, आणि मी तशी मोरी आहे. इगतपुरीच्या पुढे डोंगरात, जिथे आता रूळही नाहीत आणि गाडीही नाही, तिथे एका जुन्या भरावाच्या पोटात मी बसलेली आहे. माझा नंबर चौदा. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू सहसा हळव्या असतात, उसासे टाकतात, डोळे पुसतात. माझ्याकडून तसलं काही मिळणार नाही. माझ्या पोटातून इतकं पाणी गेलंय की मला त्याचं कौतुक उरलेलं नाही. शिवाय मी रागावलेली आहे, आणि वर्ष उलटून गेलं तरी तो राग उतरलेला नाही.

आधी जन्माचं सांगते, कारण त्यावरूनही माझं डोकं फिरतं. मागच्या वर्षी माझ्या कठड्यावर बसून वडापाव खाणारा एक माणूस बाकीच्यांना सांगत होता, "हे सगळं ब्रिटिशांनी बांधलंय बरं का! बघा, एक दगड हललेला नाही." ब्रिटिशांनी! अरे, साहेब घोड्यावर बसून आला, काठीने जमिनीवर एक खूण केली आणि चहा प्यायला निघून गेला. दगड फोडले ते वडारांनी. ते डोक्यावरून वाहिले त्यांच्या बायकांनी. माझ्या कमानीच्या मधोमध जो दगड आहे ना, तो बसवताना एका म्हाताऱ्या पाथरवटाच्या हाताचं बोट चेमटलं. त्याने ते फडक्यात गुंडाळलं आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही आणि मलाही ते कुणी सांगितलं नाही. पण ब्रिटिशांनी बांधलं असं कुणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझ्या डोक्यावरून जाणारी गाडी काही मोठी नव्हती. डोंगरात काळ्या दगडाची खाण होती. तिथली खडी मोठ्या लाइनपर्यंत न्यायला आठ किलोमीटरचा हा फाटा टाकला होता. दिवसातून दोनदा खडीची गाडी जायची, धापा टाकत यायची आणि खडखडत परत जायची. प्रवासी नाहीत, हात हलवणारं कुणी नाही. मला त्याचं दुःख नव्हतं, कारण माझं खरं काम वर नव्हतंच, ते खाली होतं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. जुलैत तो पडायला लागला की चार-चार दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. त्या डोंगराचं पाणी ओहोळाने धावत माझ्या वरच्या तोंडाशी येतं, मी ते आत घेते आणि खालच्या तोंडातून खाली सोडून देते. भराव म्हणजे मातीचा लांबलचक बांध. त्याला भोक नसेल तर तो धरण होतो. आणि मातीचं धरण किती दिवस टिकणार?

म्हणून दर मे महिन्यात माझी सफाई व्हायची. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगची माणसं फावडी, घमेली घेऊन यायची, आतला गाळ, पालापाचोळा, वाळलेली झुडपं सगळं उपसायची. मग तपासणीला साहेब यायचा. या साहेबाची एक रीत होती. तो वाकून बघायचा नाही, विचारायचा नाही. तो नुसता खालच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा. ज्याने सफाई केली त्याने वरच्या तोंडातून आत शिरायचं, सरपटत पंचवीस फूट पार करायचे आणि साहेबासमोर बाहेर पडायचं. माणूस आरपार आला तर पाणी आरपार जाईल, असा साधा हिशेब. मग साहेब म्हणायचा, "रेघ मारा." की काथ्याचा कुंचला चुन्यात बुडवून माझ्या वरच्या तोंडाशेजारच्या दगडावर आडवी पांढरी रेघ मारायची. पाणी त्या रेघेला टेकलं की गाडी थांबवायची. आणि ज्याने रेघ मारली त्याने खाली आपली खूण करायची. खूण केली म्हणजे त्या पावसाळ्यापुरती मोरी त्याची झाली. मोठा पाऊस झाला की त्याने येऊन बघायचं. तुंबली तर त्यालाच विचारणार, दुसऱ्या कुणाला नाही.

माझ्या दगडावर सगळ्यात जास्त वर्षं खूण केली ती बुधाने. हा गँगमधला, खालच्या पाड्यावरचा, भरावाच्या पायथ्याशी जी सात घरं आहेत त्यातल्या एका घरातला. तो रेघेखाली मोठा 'बु' काढायचा, कारण त्याच्यापुढचं अक्षर काढायचा त्याला कंटाळा होता. त्याची बायको भागीबाई तेव्हा नवी नवरी होती. ती भाकरी घेऊन यायची, आणि नवरा चिखलाने माखून माझ्या खालच्या तोंडातून बाहेर पडला की साहेबासमोर पदर तोंडाला लावून हसायची. साहेबही हसायचा. "चौदा नंबर एकदम साफ," असं त्याने एकदा वहीत लिहिलं होतं. मित्रांनो, मला मिळालेलं हे पहिलं आणि शेवटचं कौतुक.

मग खाण संपली. चाळीस वर्षं होत आली. एक दिवस माणसं आली आणि त्यांनी रूळ उचलले, खालची लाकडं काढली, खांबांवरच्या तारासुद्धा गुंडाळून नेल्या. मला कुणी उचललं नाही, कारण मी उचलण्यासारखी नव्हते. बुधाची बदली घाटातल्या मोठ्या लाइनवर झाली. आता आपल्याला कोण विचारतो, असं मी धरून चालले होते. तर पुढच्या मे महिन्यात सुट्टीच्या दिवशी बुधा फावडं खांद्यावर टाकून हजर! त्याचा शेजारी झुंबर शेळ्या घेऊन चालला होता. तो थांबला आणि म्हणाला, "बुधा, येडा झाला का तू? गाडी नाय, साहेब नाय, मोरी कशाला उपसतो?"

"गाडी नसंल," बुधा म्हणाला, "पाणी हाय ना. भराव हाय तवर पाणी अडनार. खाली घरं आपलीच हायेत."

तो दर वर्षी आला. नोकरीत असताना आला, निवृत्त झाल्यावर आला, गुडघे दुखायला लागले तेव्हा काठी टेकत आला. समोर साहेब नसताना सरपटत आरपार जायचा, बाहेर पडून स्वतःलाच सांगायचा, "रेघ मारा," आणि मारायचा. आठ वर्षांपूर्वी तो गेला. त्या मे महिन्यात भागीबाई आली. साठी उलटलेली बाई. बुधाला एक दिवस लागायचा तिथे तिला तीन लागले. पण आत शिरायचं काही तिने टाळलं नाही. बांगड्या वर सरकवल्या, काष्टा घट्ट केला आणि गेली. बाहेर आली तेव्हा कोपर सोललं होतं. तिने रेघ मारली. लिहिता येत नव्हतं, म्हणून हात चुन्यात बुडवला आणि रेघेखाली ठसा उमटवला. तेव्हापासून माझ्या दगडावर 'बु'च्या ऐवजी पाच बोटं असतात.

आता रागाकडे येते.

मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस अजून लांब असताना, एका रविवारी सकाळी माझ्या डोक्यावर पावलं वाजली. नाशिकची मंडळी होती, चाळीस-बेचाळीस जण. सगळ्यांच्या अंगात हिरवे टी-शर्ट आणि त्यावर 'रूळवाट' असं लिहिलेलं. हा त्यांच्या ग्रुपचा वार्षिक कार्यक्रम होता म्हणे. जुन्या रेल्वेच्या वाटेने आठ किलोमीटर चालायचं, आणि नुसतं चालायचं नाही, तर वाटेतला कचरा गोळा करायचा. त्यांनी आपल्या नावाच्या छापील गोण्यासुद्धा आणल्या होत्या. पुढे होता रविराज. कॉलेज रोडला क्लास चालवणारा, खणखणीत आवाजाचा, शिस्तीचा माणूस. त्याच्याबरोबर तेजस्विनी, सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढणारी.

खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं. इतकी वर्षं जे कोणी येतात ते बाटल्या फेकतात, कठड्यावर नावं कोरतात, स्पीकर लावून नाचतात. हे लोक वाकून वाकून वेफर्सची पाकिटं उचलत होते. एका बाईने काटेरी करवंदीत हात घालून पाण्याची बाटली काढली, हात खरचटला तरी काढली. मी मनात म्हटलं, चला, कुणीतरी शहाणं आलं.

माझ्या कठड्याशी येईपर्यंत नऊ गोण्या गच्च भरल्या होत्या. ऊन चढलं होतं. गाडी पुढे तीन किलोमीटरवर डांबरी रस्त्याला उभी होती. गोण्या जड. फोटो काढून झाला. मग तो प्रश्न आला, जो कचरा गोळा करणाऱ्या प्रत्येक माणसापुढे कधी ना कधी येतो. आता हे घेऊन जायचं कुठे?

"गाडीत नको हं," तेजस्विनी म्हणाली. "वास मारेल परतताना."

"गाडीत कशाला?" रविराज म्हणाला. "इथे एका जागी ठेवू व्यवस्थित. मी उद्या सकाळी घंटागाडीवाल्यांना सांगतो."

घंटागाडी! मित्रांनो, तुम्ही नाशकात राहत असाल तर तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी गल्लीत गाणं वाजतं, माणसं बादल्या घेऊन खाली धावतात, आणि कचरा जातो. या माणसाच्या डोक्यात ते इतकं पक्कं बसलेलं होतं की जगात जिथे कचरा असेल तिथे घंटागाडी येते असं त्याला वाटत होतं. ती कुठून येणार होती? रूळ उखडलेल्या भरावावरून? करवंदीच्या जाळीतून? या वाटेने बैलगाडी येत नाही. चाळीस माणसांत एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नाही.

"इथे खाली छोटा बोगदा आहे बघा," कुणीतरी ओरडलं. "सावलीत राहतील, वाऱ्याने उडणार नाहीत."

बोगदा म्हणजे मी. जूनमध्ये ओहोळ कोरडा ठणठणीत होता आणि माझी सफाई नुकतीच झालेली, म्हणून मी त्यांना एखाद्या झाडून ठेवलेल्या खोलीसारखी दिसले असेन. त्यांनी एकेक गोणी खाली दिली आणि माझ्या वरच्या तोंडात आत ढकलली. नऊच्या नऊ. रविराज शिस्तीचा ना! कुत्र्यांनी फाडू नयेत म्हणून त्याने बाहेरून दगड रचले आणि दगडांवर झाडाच्या फांद्या टाकल्या. माझ्या दगडावर ताजी पांढरी रेघ होती. खाली पाच बोटं होती. तेजस्विनीने त्यांचाही फोटो काढला. "ट्रायबल आर्ट," ती म्हणाली. "किती क्यूट!"

मला हात नाहीत, मित्रांनो. असते तर मी काय केलं असतं ते लहान मुलांना सांगण्यासारखं नाही.

मंडळी गेली. सोमवार आला, मंगळवार आला. घंटागाडी काही आली नाही. रविराजने फोन केला की नाही देव जाणे. मला वाटतं, घरी जाऊन अंघोळ केली आणि विसरला. आणि समजा केला असता, तर काय झालं असतं? मी तोंडात बोळा कोंबल्यासारखी पडून राहिले. भागीबाई एकदाच वरून गेली, बियाण्याची टोपली डोक्यावर घेऊन. तिने खाली पाहिलं नाही. का पाहील? तिने स्वतः आरपार जाऊन मोरी साफ केली होती, रेघ मारली होती. मला ओरडून सांगायचं होतं, भागी, थांब, खाली ये, बघ. दगडाला ओरडता येत नाही, एवढंच.

माझ्या खालच्या तोंडापुढे लगेच भागीबाईचं भाताचं खाचर आहे. त्याच्या वरच्या कोपऱ्यात तिने रोप टाकलं होतं. जूनअखेर ते वीतभर झालं, पोपटी, दाट. आठ-दहा दिवसांत आवणी, म्हणजे भाताची लावणी, होणार होती. आमच्याकडे रोप गेलं की वर्ष गेलं. दुसरं पेरून वाढवायला पाऊस थांबत नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळ फाटलं. सुरुवातीचं थोडं पाणी गोण्यांच्या फटीतून झिरपून गेलं, त्यामुळे खाली कुणाला काही कळलं नाही. मग डोंगरावरचा गाळ आणि पाचोळा आला आणि रविराजच्या रचलेल्या दगडांवर घट्ट बसला. फटी बंद झाल्या. पाणी माझ्या वरच्या तोंडाशी तुंबलं. सकाळी ते पाच बोटांना टेकलं. न्याहारीच्या वेळेला रेघेला टेकलं. मग रेघ बुडाली. भरावाच्या मातीतून माझ्या दोन्ही अंगांनी पाण्याचे बारीक झरे फुटायला लागले. मी दगडाची आहे, मी फुटणार नव्हते. पण मी ज्या मातीत बसले होते ती हलायला लागली होती.

भागीबाईला कळलं ते आवाजावरून. घराबाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि दाराशेजारून वाहणारा ओहोळ मात्र गप्प होता. तिने हातातलं पीठ तसंच टाकलं. मोठ्या पावसात ओहोळ गप्प म्हणजे पाणी वर कुठेतरी अडून बसलंय, हे तिला बुधाने शिकवलं होतं. ती दारात येऊन ओरडली, "झुंबर भावजी! मोरी तुंबली! पोरं-म्हातारी घेऊन टेपावर चढा समदी!" आणि आंबे काढायची लांब आकडी घेऊन भरावावर धावली.

झुंबर दोर घेऊन मागे आला. वर येऊन त्याने तुंबलेलं तळं पाहिलं. त्याने दोराचं एक टोक जुन्या तारेच्या खांबाला बांधलं, दुसरं भागीबाईच्या कमरेला. मग दोर धरून तो म्हणाला, "वहिनी, जरा इचार कर. ह्ये समदं पाणी एका टायमाला सुटलं, तर पयलं तुझं रोप जानार. सरळ तोंडाखाली हाय."

भागीबाईने खाली पाहिलं. रोप पावसात हिरवंगार चमकत होतं. त्याच्यापलीकडे सात घरं. झुंबरची सून कडेवर लेकरू घेऊन टेपाकडे, म्हणजे बाजूच्या उंचवट्याकडे, निघाली होती, पण तिची सासू अजून दारातच अडकली होती.

"भराव फुटला तर?" ती म्हणाली.

झुंबरने घरांकडे पाहिलं.

"मंग धर दोर," ती म्हणाली आणि कठड्यावर पालथी झोपली.

आकडी पाण्यात घालून ती चाचपडत राहिली. माझ्या तोंडाचा दगडन् दगड तिला ठाऊक होता. एकदा आकडी अडकली, तिने ओढली, फांदी आली. पुन्हा घातली, दगड घसरले. तिसऱ्यांदा काहीतरी मऊ लागलं. ती आणि झुंबर, दोघांनी मिळून ओढलं. पाण्यातून वर आली ती गोणी. हिरवी, छापील. तिच्यावर हसरं झाड काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'रूळवाट – निसर्ग आपला, जबाबदारी आपली'.

दुसरी गोणी निघता निघता फाटली, आणि मग तळ्याने उरलेल्या सातही गोण्या माझ्या घशात ढकलल्या आणि मला त्या पलीकडे थुंकाव्या लागल्या. मित्रांनो, हे मी कधी विसरणार नाही. भागीबाईचं रोप कुणी नेलं? पावसाने नाही, डोंगराने नाही. मी नेलं. ज्या तोंडातून ती दर वर्षी कोपरं सोलून घेत बाहेर पडते त्या माझ्याच तोंडातून पाणी सुटलं आणि दोन मिनिटांत तो पोपटी कोपरा खरवडून गेलं. सातही घरं राहिली. पाऊस थोडा ओसरला तेव्हा खाचरात बाटल्या होत्या, पाकिटं होती, प्लास्टिकचे चमचे होते, एक तुटका गॉगल होता. आठ किलोमीटरचा कचरा, वेचून वेचून गोळा केलेला, एका बाईच्या एका खाचरात आणून टाकला.

ती रडली नाही. गुडघाभर चिखलात उभी राहून बाटल्या वेचायला लागली. ते बघून माझी कमान जी तापली ती अजून निवलेली नाही.

पाड्यावरच्यांनी आपापली आवणी झाल्यावर उरलेल्या मुठी तिला दिल्या. उशिराचं, मरतुकडं रोप. दिवाळीला तिच्या खळ्यावर नेहमीच्या निम्माही भात नव्हता. मग उन्हाळ्यात ती चार महिने पोटासाठी, बाहेरगावी राहणाऱ्या लेकाच्या मागे घोटीकडे वीटभट्टीवर गेली. मे महिन्यात परत आली आणि दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन माझ्याकडे. तीन दिवस उपसत होती. पण या खेपेला तिने रेघ मारली नाही. चुन्याचा डबा कठड्याखाली ठेवला आणि रोज सकाळी येऊन कठड्यावर बसायला लागली. मांडीवर ती हिरवी गोणी, धुऊन घडी घातलेली.

मला कळेना की ही कशाची वाट बघतेय. जूनचा पहिला रविवार आला आणि कळलं.

पुन्हा हिरवे टी-शर्ट. पुन्हा रविराज, पुन्हा गच्च भरलेल्या गोण्या. तेजस्विनीची नजर भागीबाईच्या मांडीवर गेली आणि ती आनंदाने ओरडली, "अय्या, आपली बॅग! मावशी, तुम्ही जपून ठेवलीत? थांबा, एक फोटो काढते."

"काढ," भागीबाई म्हणाली. "पर आधी इचार, कुठं गावली."

आणि तिने सांगितलं. आवाज चढवला नाही. कुठे गोण्या होत्या, कुठे पाणी होतं, कुठे रोप होतं, बोट दाखवून दाखवून सांगितलं. कुणीतरी मागे "पण आमचा हेतू…" असं सुरू केलं आणि अर्ध्यावर थांबलं. तेजस्विनीने मोबाइल खाली घेतला. रविराज पुढे आला. शेवटी तो म्हणाला, "मावशी, मी घंटागाडीला सांगणार होतो. चूक झाली. काय नुकसान झालं ते सांगा, आम्ही सगळे मिळून भरून देतो."

"पैसं नको मला. आत जा."

"आत?"

"हिकडून शिरायचं, तिकडून निघायचं. मोरी साफ हाय का नाय, आमच्यात असंच बघत्यात."

तो गेला. पांढरे बूट, महागाची पँट, सगळ्यासकट गेला. माझ्या पोटात दहा फूट आल्यावर तो अडकला, घाबरला, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. काळोखात त्याचा हात भिंतीवर फिरला आणि दगडांच्या सांध्यात अडकलेल्या एका चिंधीला लागला. हिरवी चिंधी, हसऱ्या झाडाचा तुकडा. भागीबाईने ती मुद्दाम ठेवली होती की तिच्या नजरेतून सुटली होती, मला माहीत नाही. तो बाहेर पडला तेव्हा चिंधी त्याच्या मुठीत होती आणि कोपर सोललं होतं.

"आता कळलं," तो म्हणाला. मग पुन्हा वरच्या तोंडाशी आल्यावर त्याला चुन्याचा डबा दिसला, आणि मागच्या वर्षीची पुसट रेघ दिसली. "मावशी, ही रेघ मी मारू का?"

"मार की," भागीबाई म्हणाली. "पर रेघ मारली का मोरी तुझी. पावसाळाभर. मोठा पाऊस झाला का यायचं आन् वाकून बघायचं. येशील?"

रविराजच्या हातात कुंचला होता. चुन्याचे थेंब त्याच्या बुटांवर पडत होते. तो खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं, मी त्याचा सुखाने तिरस्कार केला असता. पण कुंचल्याकडे बघत तो म्हणाला, "दर वेळी जमेल असं नाही सांगता येत, मावशी. क्लास असतात."

"मंग ठिव खाली."

त्याने ठेवला. तिने उचलला. रेघ मारली, हात बुडवला, पाच बोटं उमटवली. त्या दिवशी मंडळींनी सगळ्या गोण्या डोक्यावर घेतल्या आणि तीन किलोमीटर चालत डांबरी रस्त्यापर्यंत नेल्या. गाडीत वास मारला असेल. मारू दे.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे. डोंगरात भोक दिसलं की ते मोकळंच आहे, कुणाचं नाही, असं समजू नका. काही कोंबायच्या आधी वाका आणि पलीकडचा उजेड दिसतो का ते बघा. दिसला, तर त्या उजेडात कुणीतरी राहतंय.

आता जुलै चालू आहे. परवा दोन दिवस झोडपलं. काल सकाळी भागीबाई येऊन बघून गेली. आणि दुपारी भरावावरून एक माणूस चालत आला, एकटाच, रेनकोट घातलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. फोटो काढणारं कुणी बरोबर नव्हतं. तो ओहोळाच्या कडेला उतरला, वाकला आणि माझ्या वरच्या तोंडातून खालच्या तोंडापर्यंत बघत राहिला. पलीकडे भागीबाईच्या खाचरात रोप उभं होतं. मग त्याने माझ्या तोंडाशी अडकलेली एक फांदी ओढून काढली, बाजूला टाकली आणि निघून गेला.

रविराज एकदा आला म्हणून माझा राग गेला, असं कुणी समजू नका. चुन्याचा डबा अजून कठड्याखाली आहे. पावसाळा दोन महिने बाकी आहे. मी मोजते आहे.